दत्तूमामांची घरातली गाडी

आमच्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं की आतून धूळ निघते आणि आमच्यापैकी कुणाच्या तरी तोंडून एक किस्सा निघतो. एक सांगायला घेतला की दुसरा मधेच घुसतो, "आधी माझा!" म्हणत. दोन वर्षांत इतके साठलेत की पाहुणे चहाचा कप खाली ठेवून उठायला बघतात, तरी आमचं संपत नाही!

आम्ही म्हणजे तिघं. दत्तूमामा, माझे सख्खे मामा, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. सलीमभाई, मामांचे दोस्त. गंगाखेडात विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करून देतात. आणि मी रेखा. शाळेत कॉम्प्युटर शिकवते, मामांच्या शेजारी राहते. मामीनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "मला ह्याच्यात धरू नका!"

सुरुवात डोळ्यापासून झाली. मामांच्या डाव्या डोळ्याची नजर गेली आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता गाडी चालवायची नाही. मोटरसायकलसुद्धा नाही. मामांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि ते ओट्यावर बसायला लागले. रस्त्यानं ट्रक गेला की नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "सेकंडला घाल, बाबा, सेकंडला!"

ते बघवेना म्हणून एके दिवशी मी मोबाईलवर बस चालवायचा गेम लावून दिला. मामांनी पाच मिनिटं नीट निरखून बघितलं.

"रेखे, ह्याचा क्लच कुठंय?"

"मोबाईलला क्लच नसतो, मामा."

"मग ही गाडी चालतीच कशी?"

झालं! क्लच पाहिजे, गियर पाहिजे, मोठी काच पाहिजे. म्हणजे गेमिंग कॉम्प्युटर पाहिजे. नवा घेणं आमच्या आवाक्याबाहेर. मग ठरलं, एकेक भाग जुना-पाना मिळवायचा आणि घरीच जोडायचा.

*

ग्राफिक्स कार्ड परभणीत मिळालं, एका हॉस्टेलच्या पोरीकडं. मी आणि मामा ते टॉवेलात गुंडाळून, मामांच्या मांडीवर ठेवून एसटीनं परत निघालो. कंडक्टर नवा होता, मामांना ओळखत नव्हता. मामांचे पांढरे केस बघून म्हणाला, "काका, कार्ड काढा."

त्याला सवलतीचं कार्ड पाहिजे होतं. मामांचं सगळं ध्यान मांडीवर! त्यांनी हळूच टॉवेल सोडला आणि दोन पंख्यांचं ते धूड त्याच्यासमोर धरलं.

कंडक्टरनं ते उलटंपालटं करून बघितलं.

"ह्याच्यावर फोटो कुठंय?"

"ह्याच्यावर फोटो न्हाई," मामा म्हणाले, "हे टीव्हीला लावलं की फोटो येतो!"

कंडक्टर बिचारा पुढच्या सीटकडं गेला. मामांचं खरं कार्ड त्यानं परत मागितलंच नाही.

*

बाकीचे भाग, स्टिअरिंग, क्लच-गियरसुद्धा असेच जमवले आणि सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, लाल-निळे दिवे लागले, सलीमभाईंनी टाळ्या वाजवल्या. पण स्क्रीन काळा ठिक्कर!

मी रॅम काढली, खोडरबरनं घासली, परत बसवली. काही नाही. दुसऱ्या दिवशी सगळं उकललं, परत जोडलं. काही नाही. तीन दिवस हेच. शाळेत मी पोरांना हाच विषय शिकवते, त्यामुळं लाज जास्त.

तिसऱ्या दिवशी मामा कॉम्प्युटरच्या मागं जाऊन उकिडवे बसले. "रेखे, स्क्रीनची वायर ह्या भोकात कामून घातलीस? खाली नव्या कार्डालाबी तसंच भोक हाय की!"

मी वाकून बघितलं. वायर मदरबोर्डला लावली होती; लावायची होती ग्राफिक्स कार्डला. बदलली आणि स्क्रीनवर उजेड पडला.

मामा गुडघ्यावर हात टेकून उठले. "पाटी एका गाडीला लावायची आन् पाशिंजर दुसऱ्या गाडीपाशी हुडकायचे! तीन दिवस आपण हेच करायलोत!"

*

कॉम्प्युटर चालू झाला तर हात लावला की चावायला लागला! खोक्याला बोट लागलं की मुंग्या. मामांना वाटलं, म्हातारपणाचं काहीतरी असावं म्हणून ते बोललेच नाहीत. मला वाटलं, माझीच चप्पल ओली असेल म्हणून मीपण गप्प. शेवटी मामी फडक्यानं पुसायला गेली आणि किंचाळली, तेव्हा कळलं सगळ्यांनाच चावतंय!

सलीमभाईंनी भिंतीवरचा लाइटचा बोर्ड उघडला. "मामा, घराला अर्थिंगच न्हाई तुमच्या! तिसरी पिन नुसती शोभेची हाय."

त्यांनी मागच्या अंगणात खड्डा खणला, पाइप गाडला, कोळसा आणि मीठ भरलं. म्हणाले, "उन्हाळ्यात ही जागा वाळू द्यायची नक्को. रोज पाणी घाला."

परभणी जिल्ह्यातला उन्हाळा! पिण्याच्या पाण्याची मारामार. तरी सकाळी मामी तुळशीला तांब्याभर पाणी घालते आणि दुसरा तांब्या घेऊन मागच्या अंगणात जाते. एकदा शेजारणीनं विचारलं, "तिकडं कोणतं झाड लावलंय?"

"झाड कुठलं," मामी म्हणाली, "ह्यांची गाडी पाणी पिती!"

*

मग गाडी आपोआप बंद पडायला लागली. मामा मस्त घाट चढत असायचे आणि फट्! सगळं अंधारात. कधी सकाळी, कधी दुपारी. मी सॉफ्टवेअर बदललं, सलीमभाईंनी बटण बदललं. काही फरक नाही.

मामांनी मात्र वही केली. लॉगशीट भरल्यासारखी रोजची नोंद: किती वाजता सुटली, किती वाजता बंद पडली, हवा कशी, लाइट कशी. आठवडाभरानं वही सलीमभाईंपुढं ठेवली. "रविवारी एकदाबी बंद पडली न्हाई. रविवारी काय नसतंय, ते सांग."

सलीमभाईंनी डोळे मिटले. मग एकदम म्हणाले, "गिरणी!"

पलीकडं काशीबाईंची पिठाची गिरणी. ती रविवारी बंद. सलीमभाई दुसऱ्या दिवशी प्लगला मीटर लावून बसले. गिरणी धडधडली, व्होल्टेज खाली आलं आणि मामांची बस घाटात मेली. पकडलं!

आम्ही तिघं विजयी वीरांसारखे काशीबाईंकडं गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, पिठाचे हात झटकले आणि म्हणाल्या, "दत्तूभाऊ, माझी गिरणी खरी ज्वारी दळती. तुमची गाडी खोटी पळती. बंद कुणी करायचं?"

मामांना ते लागलं. दोन दिवस ते खुर्चीवर बसलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी सलीमभाई भंगारातला एक स्टॅबिलायझर दुरुस्त करून घेऊन आले आणि लावून दिला. त्या दिवशी मामा जेवण विसरले.

*

आणि हा मागच्या महिन्यातला.

मामीचं माहेर वालूरचं. पण लहानपणापासून तिला बस लागते. माहेरी जायचं तर सेलूपर्यंत रेल्वे आणि पुढं ऑटोत जीव मुठीत धरून. मामांनी उभी हयात एसटी चालवली, पण त्यांच्या गाडीत मामी एकदाही बसली नाही. आणि मामांचा लौकिक असा, की त्यांची गाडी स्टँडवर आली की लोक घड्याळ लावायचे.

त्या दुपारी मामा परदेशातल्या कुठल्याशा बर्फाच्या डोंगरात बस घेऊन निघाले होते. मामी भांडी घासून आली. लुगडं बदललं. पिशवी घेतली आणि एक खुर्ची ओढून मामांच्या मागं ठेवली.

"वालूरला जाती का ही?"

मी आणि सलीमभाई हसायला लागलो. मामा हसले नाहीत. स्क्रीनवरच्या बर्फाकडं बघून म्हणाले, "जाती. बस."

गाडी निघाली. मामा इतकी हळू वळणं घेत होते की विचारू नका. "आता डावीकडं वळण हाय गं. धरून बस." मामीनं खरंच त्यांच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. चौथ्या वळणावर तिनं पदर तोंडाला लावला.

"थांबवा. मळमळायलंय."

मी स्क्रीन बंद करायला धावले. मामांनी हातानंच मला थांबवलं. इंडिकेटर दिला. गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला. दार उघडलं.

"उतर," ते म्हणाले. "हवा खा जरा. गाडी कुटं जात न्हाई."

मामी उठून ओट्यावर गेली. स्क्रीनवर पाशिंजर कुरकुरायला लागले. कोपऱ्यात उशिराची लाल अक्षरं आली: एक मिनिट, दोन मिनिटं, चार.

सलीमभाई हळूच म्हणाले, "मामा, टाइम चाललाय."

मामांनी इंजिन बंद केलं.