साहेबाचा गोड घेवडा

माझी जीभ जन्मापासून वाकडी आहे, असं आमच्या घरातल्या सगळ्यांचं ठाम मत होतं. मी केळ्यावर ठेचा लावून खायची. आमरसात कच्चा कांदा चिरून घालायची. चहात भाकरी काय, सगळेच बुडवतात, पण मी वरून चिमूटभर मीठ टाकायची. माहेरी हे चालून गेलं. लग्न होऊन कोरेगावकडच्या सासरी आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूनं मला केळं-ठेचा खाताना बघितलं. सासूला आम्ही आत्याबाई म्हणत असू. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "बया बया बया! आगं, पोटात काय गिरण बसवून घेतलीस का?" त्या दिवसापासून भावकीत माझी ओळख 'ठेचा-केळंवाली' अशीच झाली.

नवरा पिंपरीला लागला. माळावर तेव्हा एकेक कारखाना उभा राहत होता आणि आमच्या भागातली पोरं कामाला जात होती. पण रिवाज असा, की लेकानं कंपनीत जायचं आणि सुनेनं शेतात राबायचं. पुरुष पाच-सहा जण मिळून एक खोली घेत, आळीपाळीनं भात शिजवत, आणि दिवाळीला नि जत्रेला गावी येत. बायकोनं वर्षाला दोनदा नवऱ्याचं तोंड बघायचं. सगळ्या तसंच करायच्या, म्हणून मीही करावं, अशी अपेक्षा. मला ते मान्य नव्हतं. लग्न मी माणसाशी केलं होतं, मनीऑर्डरीशी नाही.

त्याला मुदतीचा ताप आला तेव्हा मला करायला म्हणून पाठवलं. कासारवाडीत रुळालगत एक खोली मिळाली. ताप उतरला, तो कामावर जायला लागला, तरी मी काही हलेना. सकाळी त्याला डबा द्यायचा, संध्याकाळी दोघांनी एका ताटात जेवायचं, हे मला इतकं गोड लागलं होतं की विचारू नका. दिवाळीला गावी गेलो तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आता बास. सुगीला हात कमी पडत्यात. संक्रांतीला म्या सोता न्यायला येनार."

माझा नवरा आईपुढे म्हणजे गरीब गाय. तरी धीर करून म्हणाला, "आई, तिला तिकडंच पक्कं काम लागलं तर?"

आत्याबाई हसल्या की हो, पदर तोंडाला लावून हसल्या. "काम? हिला? म्हाईत हाय समद्यास्नी ही काय खाती ते. हिच्या हातचं कोन खानार? लागलं पक्कं काम तर ऱ्हा म्हनावं खुशाल!"

हा शब्द मी पदराला गाठ मारून ठेवला.

नवऱ्याच्या कंपनीत बॉयलर बसवायला विलायतेहून एक साहेब आला होता. पन्नाशीचा, जाड मनगटाचा, लोखंडाच्या कामात हयात गेलेला माणूस. आधी कलकत्त्याच्या तागाच्या गिरणीत होता, म्हणून मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. बायको-पोरं तिकडेच. पुण्याच्या कॅम्पातून आणलेला त्याचा खानसामा गावी म्हणून गेला तो परत आलाच नाही. नवऱ्यानं हे सांगितलं मात्र, मी दुसऱ्या दिवशी डोक्यावरचा पदर सारखा करून बंगल्याच्या मागच्या दारात उभी. साहेबानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तीन हफ्ता. अच्छा तो रहेगा. नहीं अच्छा तो दूसरा देखेगा." मी बोटांवर मोजलं. तीन आठवडे म्हणजे बरोबर संक्रांत.

मला वाटलं, साहेब म्हणजे कोंबडी. पहिले चार दिवस मी कोंबडीच कोंबडी केली. तो निमूट खायचा आणि अर्धं टाकायचा. पाचव्या दिवशी भांडी घासताना मला मोरीत एक विलायती पत्र्याचा रिकामा डबा सापडला. आत लालभडक रस वाळलेला आणि तळाशी चार दाणे चिकटलेले. मी दाणा चिमटीत धरून उजेडात बघितला. अगं बाई, हा तर घेवडा! आमच्या कोरेगावचा घेवडा, फक्त जरा बारका आणि पांढरा! साहेब दारातून बघत होता. डब्याकडे बोट करून म्हणाला, "खतम. लास्ट." आणि असा चेहरा केला, की मला माझ्या नवऱ्याचा तापातला चेहरा आठवला.

माझ्याकडे सासरचाच शेरभर घेवडा होता. त्या डब्यातला रस चाटून बघावा, तर आत कुठल्या जनावराचं काय घातलंय देव जाणे. नुसता रंग बघितला. आमच्याकडच्या कुठल्याही बाईला विचारा, कालवण लाल कशानं होतं? मी तेच केलं. चांगलं मूठभर लाल मिरचीचं तिखट घातलं, वर तेलाचा तवंग आणला, तव्यावर पाव भाजला, त्यावर घेवडा ओतला आणि ऐटीत साहेबापुढे ठेवला. चाखला नव्हता. चाखला असता तरी मला फिकाच लागला असता.

पहिल्या घासाला साहेब कालवणापेक्षा लाल झाला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. तांब्याभर पाणी तो घटाघटा प्यायला. मी दाराआड उभी राहून मनातल्या मनात गाठोडं बांधायला लागले. संपलं! गेलं काम, गेला नवरा, आता आहेच खुरपं.

आणि तेवढ्यात साहेबानं जॅमची बरणी ओढली. मोठा चमचा भरून त्या घेवड्यावर घातला, कालवला, आणि खाल्ला. पुन्हा घातला, पुन्हा खाल्ला. घाम पुसत, नाक ओढत ताटली साफ केली! मी तोंडात बोट घालून बघत राहिले. तिखटावर गोड! ठेच्यावर केळं! देवा रे, सात समुद्रांपलीकडे माझ्यासारखी वाकडी जीभ घेऊन हा माणूस जन्माला आला होता, आणि मी त्याला कोंबड्या खाऊ घालत होते.

मग त्यानं मला स्वयंपाकघरात येऊन टोपलीतले टोमॅटो दाखवले आणि साखरेचा डबा दाखवला. म्हणजे ती लाली टोमॅटोची होती! माहेरी नि सासरी, दोन्हीकडे टोमॅटोला बंदी. आत्याबाई म्हणायच्या, तंबाटं कापलं की मटण कापल्यागत दिसतंय. त्यामुळे मी जन्मात कधी टोमॅटो चिरला नव्हता. त्या दिवशी चिरला, डोळे मिटून. पण साखर काही घातली नाही. घेवड्याला गूळच लागतो, हे मला कोणी शिकवायला नको. टोमॅटो आटवून, गूळ घालून, मोहरीची चिमूट टाकून घेवडा मंद चुलीवर शिजवला. साहेबानं पहिला घास घेतला आणि सुरी-काटा खाली ठेवला. मग म्हणाला, "मेरा मा ऐसा बनाता." त्याची आई तिकडे कापडाच्या गिरणीत कामाला होती, हेही मग सांगितलं. म्हणजे काय, आपल्यातलाच की हा!

त्यानंतरचे दोन आठवडे आमची काय जुगलबंदी झाली म्हणून सांगू! तो मला एकेक चीज शिकवायचा आणि मी मनात म्हणायची, ह्यात काय नवं? शिळा पाव दुधात भिजवून, बेदाणे घालून भाजायचा. आमच्यात शिळ्या पोळीचा गूळ-तूप घालून मलिदा करतात, तोच हा, फक्त टोपी घातलेला. उरलेला बटाटा नि उरलेला कोबी एकत्र चेचून तव्यावर खरपूस करायचा. पावात केळं चुरून खायचं. बटाट्याच्या जाड फोडी तळायच्या आणि त्याही पावातच कोंबायच्या, म्हणजे भाकरीतच भात! फळांच्या केकबरोबर खारट चीज खायचा, आणि ते मला इतकं आवडलं, की एक तुकडा मी हात पुढे करून मागून घेतला. कस्टर्ड तर मी गार करून त्यात बाजरीची भाकरी चुरायला लागले. साहेबानं बघितलं, चमचा घेऊन आला, आणि माझ्याच वाडग्यातलं निम्मं आपल्या बशीत काढून घेतलं. फक्त एक काळं चिकट काहीतरी तो पावाला लावायचा, ते मी एकदाच चाखलं. बैलाच्या खांद्याला लावायचं औषध परवडलं. साहेबाला तोंडावर तसं सांगितलं, तर तो टेबल बडवून हसला.

भोगीच्या दिवशी दुपारी मी साहेबासाठी घेवडा चुलीवर ठेवला होता आणि बटाटे तळत होते. खिडकीतून बघते तर मागच्या पायरीवर आत्याबाई! सकाळच्या गाडीनं आल्या होत्या, खोलीवर जाऊन शेजारणीकडून किल्ली नि बंगल्याचा पत्ता घेऊन माझं गाठोडंसुद्धा बांधून आणलं होतं. दोन लुगडी, चोळ्या, फणी, सगळं. संक्रांतीला येणार म्हटल्या आणि भोगीलाच हजर! साहेब अजून पक्कं काही बोलला नव्हता.

त्यांना वाटलं, आत कोणी नाही. शिदोरीचं फडकं सोडलं. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी, ठेचा. मग कनवटीतून एक केळं काढलं. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. केळं सोललं, त्यावर ठेचा लावला, आणि डोळे मिटून मोठा घास घेतला.

मी झाऱ्यासकट बाहेर आले. "आत्याबाई!"

त्या दचकल्या. घास काही गिळवेना. "व्हय गं व्हय, खाल्लं!" शेवटी एकदम फिस्कारल्याच. "काय चोरी केली का? तू हिकडं आल्यापास्नं घरात कुनी वंगाळ खाईना, कुनाला वरडावं कळंना. घर निस्तं मुकं झालंय. येकदा चाखून बघितलं. मग सवयच लागली." आणि पदरानं डोळे पुसले. ठेच्यानं पाणी आलं असं त्या मरेपर्यंत सांगत.

मला हसूही आलं आणि रडूही आलं. ही बाई मला नुसत्या सुगीसाठी न्यायला आली नव्हती, तिला माझ्यावाचून करमत नव्हतं! पण म्हणून काय मी जायचं? नाही, अजिबात नाही.

तेवढ्यात साहेब वासावर आला. पायरीवर म्हातारी बघून त्यानं हात जोडले आणि सरळ खाली बसला. आत्याबाई अंग चोरून बाजूला सरकल्या, पण सणाला समोर आलेल्याला वाढायचं नाही, हे त्यांच्या रक्तात नव्हतं. भाकरी त्याच्यापुढे धरून म्हणाल्या, "खा बाबा. न खाई भोगी तो सदा रोगी." साहेबाला शब्द कळला नाही, भाकरी कळली. तो उठून आत गेला, तळलेले बटाटे आणले, घेवडा आणला, जॅमची बरणी आणली. भाकरीवर बटाटे, त्यावर माझा घेवडा, त्यावर आत्याबाईंचा ठेचा, त्यावर जॅम. सगळं दुमडून एकच घास! डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू.

आत्याबाई आ वासून बघत होत्या. "आगं, ह्यो तर तुझ्यापरास वाईट हाय!"

"म्हणून तर माझ्या हातचं खातो," मी म्हटलं. "विचारा त्याला, कोण खाणार माझ्या हातचं ते."

त्यांनी खरंच विचारलं. माझ्याकडे बोट करून, खणखणीत आवाजात, जणू साहेब गावचा पाटील असावा. "ही पक्की का?"

'पक्की' एवढं साहेबाला नेमकं समजलं. घास गिळून तो म्हणाला, "पक्का! एकदम पक्का! हम रहेगा तब तक ये रहेगा. बाद में कंपनी का कँटीन में भी यही."

बास! मी त्या क्षणी झारा हातात घेऊन नाचले नाही एवढंच. आत्याबाईंनी दिलेला शब्द भोगीच्या दुपारी, साहेबाच्या साक्षीनं, माझ्या पदरात पडला होता. मी झारा कमरेला लावून त्यांच्याकडे बघत उभी राहिले.

आत्याबाईंनी हातातला भाकरीचा तुकडा खाऊन संपवला. घेवड्यातला एक दाणा त्यांनी बोटानं उचलला, टोमॅटोचा रस पदराला पुसून टाकला, आणि तोंडात टाकला. "घेवडा आपलाच हाय," म्हणाल्या. "पर गेल्या सालचा दिसतुया. जून झालाय."

"संपतच आलाय," मी म्हटलं.

तशी त्यांनी माझं गाठोडं मांडीवर ओढलं आणि गाठ सोडली. लुगडी बाहेर काढून माझ्या हातात दिली, त्यांवर फणी ठेवली. मग गाठोड्याचं रिकामं फडकं जोरात झटकलं, घडी घालून कनवटीला खोचलं आणि म्हणाल्या, "ह्यात नवा घेवडा बांदून घिऊन येते पुनवेला. तवर त्या बाबाला उपाशी ठिवू नगंस."