खाटेची उजवी बाजू

डॉक्टर होण्यासाठी मुलीने परदेशी जावे की नाही, आणि गेलीच तर परत आल्यावर पदव्युत्तर शिक्षणाची जागा तिला मिळते का? हा प्रश्न मला सध्या वारंवार विचारला जातो. बोदवडला घरी गेले की शेजारी विचारतात. जळगावच्या बसस्थानकावर ओळख निघाली की अनोळखी पालकही विचारतात. त्याचे उत्तर मी येथे देणार आहे. पण गणित सोडवताना आधी दिलेली माहिती मांडायची, असे मला लहानपणी शिकवले गेले. म्हणून माहितीपासून सुरुवात करते. ती सांगताना मला लाज वाटते. तरी सांगते.

धुळ्यातले एक मोठे रुग्णालय. स्त्रियांचा मेडिसिनचा वॉर्ड. सकाळचा राऊंड. मी इंटर्न, आणि या युनिटमधला माझा पहिला दिवस. युनिटप्रमुखांना सगळे नुसते 'सर' म्हणत. सर एका म्हातारीच्या खाटेपाशी थांबले. साक्रीकडची म्हातारी. पोट फुगलेले, हातपाय काटकुळे. आम्ही खाटेभोवती जमलो.

"बाहेरून शिकून आलेले कोण? हात वर करा."

मी हात वर केला. माझ्या एकटीचाच हात होता.

"तू त्या बाजूला जा. खिडकीकडे. इथल्या पोरांना शिकू दे."

येथे एक गोष्ट समजावून सांगणे आवश्यक आहे. रुग्णाची तपासणी करताना डॉक्टरने रुग्णाच्या उजव्या बाजूला उभे राहायचे असते. पोटावर हात ठेवायचा, यकृत चाचपायचे, प्लीहा शोधायची, सगळे उजव्या बाजूने. ही शिस्त पहिल्या दिवसापासून शिकवतात. खिडकी म्हातारीच्या डाव्या हाताला होती. डाव्या बाजूला नातेवाईक उभे राहतात. किंवा सलाइनचा स्टँड.

मी स्टँडशेजारी जाऊन उभी राहिले.

म्हातारीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मग पलीकडच्या घोळक्याकडे.

"त्या बठ्ठा तठे शेतस, आनि तू एकलीच आठे का व माय?"

सगळे तिकडे आहेत आणि तू एकटीच इकडे का, असे ती विचारत होती. तिला माझी दया आली नव्हती. तिला खरोखरच कळत नव्हते.

उत्तर सरांनी दिले. "ती पाहुणी आहे, आजी. पाहुण्यांना काम सांगत नाहीत."

हशा पिकला. आणि मीही हसले.

सरांच्या वाक्यापेक्षा मला माझे हसणे अधिक टोचते. कारण ते हसणे माझ्या ओळखीचे होते. ते मी पूर्वी पाहिले होते. माझ्या वडिलांच्या तोंडावर.

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आम्ही त्यांना नाना म्हणतो. घराण्यात शाळेची पायरी चढलेले ते पहिले. आमच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली नानांची खुर्ची, आणि त्या खुर्चीसमोर बसून मी अभ्यास केला. उत्तर बरोबर आले तरी नाना विचारत, "कारण सांग." कारण सांगता आले नाही तर उत्तर चूक धरायचे. हा त्यांचा नियम.

बारावीनंतर मी जळगावला क्लास लावला. खोली घेऊन राहिले. प्रवेश परीक्षेचा निकाल लागला तेव्हा माझे गुण असे होते की खुल्या वर्गातून सरकारी महाविद्यालय मिळाले नसते. अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून मिळण्याची चांगली शक्यता होती. नाना त्या दिवशी बोदवडहून आले. क्लासच्या दारात माझ्या बाकावरची मैत्रीण पेढे वाटत होती. तिचे गुण माझ्यापेक्षा थोडे अधिक होते. तिचे वडीलही सोबत होते; जळगावात त्यांचे कापडाचे दुकान आहे. त्यांनी नानांच्या हातावर पेढा ठेवला.

"गुरुजी, तुमचं बरं आहे. तुमच्या लोकांना कमी मार्कातही चालतं. आमच्या पोरींना घासावं लागतं."

ते रागाने बोलले नव्हते. पेढा देताना बोलावे तसे गोड बोलले.

नाना हसले. हातातला पेढा तसाच धरून हसले. जो माणूस मला प्रत्येक उत्तराचे कारण विचारत असे, त्याने त्या माणसाला काहीच विचारले नाही. सरकारी शाळेत, वडील शिकवतात त्याच शाळेत, कंदिलाइतका उजेड देणाऱ्या एका बल्बखाली शिकलेली मुलगी आणि तुमची मुलगी एकाच रेषेवरून धावल्या का, असे विचारले नाही. पेढा गोड आहे म्हणाले.

मला तेव्हा कापडवाल्याचा राग यायला हवा होता. मला नानांची लाज वाटली.

परतीच्या बसमध्ये मी म्हणाले, "मला ती सीट नको."

"का?"

"नको."

"कारण सांग."

खरे कारण माझ्या जिभेवर होते. पाच वर्षे मला कोणी 'कोट्यातली' म्हणू नये, हे ते कारण. मी दुसरेच सांगितले. "बाहेरचं शिक्षण चांगलं असतं." नाना खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांना हे उत्तर पटले नव्हते हे मला कळत होते. पण मुलीच्या शिक्षणाला नाही म्हणणे त्यांना येत नव्हते.

परदेशी पाठवणाऱ्या एका एजंटाने जळगावच्या हॉलमध्ये पालकांचा मेळावा घेतला. आम्ही गेलो. पडद्यावर बर्फातले महाविद्यालय. पालक प्रश्न विचारत होते. शाकाहारी जेवण मिळते का? मुलींचे वसतिगृह वेगळे आहे का? थंडी किती असते? एजंट हसतमुख, चुणचुणीत. बोलता बोलता म्हणाला, "आणि तिकडे जातपात, कोटाबिटा काही नाही, बरं का. फक्त तुमचं नाव आणि पासपोर्ट!"

मी मनाने तिथेच परदेशी गेले. विमानात बसायचे तेवढे राहिले.

मग नाना उभे राहिले. शाळेत उभे राहतात तसे, हात पाठीमागे बांधून. "परत आल्यावर पदव्युत्तर शिक्षणाचं काय? इथली परीक्षा, इथली जागा, त्याचे नियम काय?"

"गुरुजी," एजंट म्हणाला, "आधी पोरगी डॉक्टर तर होऊ द्या! लग्नाआधीच नातवाचं बारसं?"

सगळा हॉल हसला. नाना पुन्हा तसेच हसले आणि बसले. मी खुर्चीत खाली सरकले. संपूर्ण हॉलमध्ये विचारण्यासारखा प्रश्न एकच विचारला गेला होता, आणि तो माझ्या बापाने विचारला होता. मला मात्र त्यांच्या इस्त्री मोडलेल्या सदऱ्याची लाज वाटत होती.

मी गेले.

पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कुकर लावत असताना महाराष्ट्रातल्याच एका मुलीने विचारले, "आडनाव काय गं तुझं?" मी सांगितले. तिने थोडा विचार केला. "मग तुला तर तिकडेच सरकारी मिळाली असती ना? इथं कशाला आलीस?" त्यानंतर तिचा कुकर वेगळा झाला. भांडण नाही, शब्द नाही. कुकर वेगळा.

शिक्षण वाईट होते असे मी म्हणणार नाही. शरीररचना सगळीकडे सारखीच असते. अडचण वॉर्डात आली. पुस्तके इंग्रजी, रुग्ण त्यांच्या भाषेत बोलणारे. 'कुठे दुखते' एवढे विचारायला मी शिकले. पण म्हातारा माणूस सुस्कारा टाकून जे लांबलचक सांगतो, ते माझ्या हाती लागत नसे. निम्मा रोग त्या लांबलचक सांगण्यात असतो.

पदवी घेऊन आले तेव्हा बोदवडच्या चौकात फ्लेक्स लागला होता. माझा फोटो, नावाआधी 'डॉ.', खाली शुभेच्छुकांची रांग. परदेशी पदवी असेल तर इथली पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय रुग्ण तपासता येत नाही, हे त्या रांगेतल्या कोणालाच ठाऊक नव्हते. पहिल्या वेळी मी नापास झाले. फ्लेक्स तसाच होता. शेजारच्या अक्का रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी घेऊन दारात येत. "बाई, एवढं पाहून दे." मी आतून माईला, माझ्या आईला, खुणेने सांगे, झोपली आहे म्हण. भर दुपारी मी डोळे मिटून पडत असे, म्हणजे माईचे बोलणे खोटे ठरू नये. फ्लेक्स उन्हाने विटला, त्यावरचा माझा चेहरा पांढरा पडला, मग कोणीतरी तो गाईच्या गोठ्यावर टाकायला नेला. त्या दिवशी मला बरे वाटले.

दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. इंटर्नशिपसाठी धुळ्याला आले. आणि खिडकीच्या बाजूला उभी राहिले.

ती पहिल्या दिवसापुरती गोष्ट असेल असे वाटले होते. तसे झाले नाही. रोज राऊंडला सर नुसती मान हलवत आणि मी फेरा घालून डाव्या बाजूला जाई. नंतर मान हलवायचीही गरज उरली नाही. मी आपणहून जाऊ लागले. सवय लागते. कोणी ढकलत नसताना कडेला उभे राहण्याची सवय फार लवकर लागते.

साक्रीच्या म्हातारीच्या पोटातले पाणी काढले होते. राऊंड पुन्हा तिच्यापाशी आला. त्या दिवशी इंटर्नमध्ये पदव्युत्तर प्रवेशाची चर्चा चालली होती. कोणाला कोणती शाखा, कोणती जागा. सरांनी प्रत्येकाला विचारले. मग खाटेपलीकडे उभ्या माझ्याकडे पाहिले.

"आणि आमच्या पाहुणीचं काय?"

"मेडिसिन, सर."

"मेडिसिन! कशावर?" मग त्यांना काहीतरी आठवले. "हां, हां. तुझी कॅटेगरी आहे ना? म्हणजे आधी बाहेरून शिकून यायचं, वर कोट्यातून पीजी घ्यायची. दोन्ही हातांत लाडू."

मुले हसली. माझ्या ओठांचे कोपरे आपोआप वर जाऊ लागले. तेच हसणे. नानांचे. मला ते माझ्या तोंडावर येताना जाणवले, आणि मी ते थांबवले.

एवढेच घडले. मी हसले नाही.

हसणे थांबल्यावर मात्र मला स्वच्छ दिसू लागले. मला कोटा नको म्हणून मी समुद्रापार गेले. तिथे आडनावाने गाठले. परत आले तर 'बाहेरची' झाले. आणि आता कोट्यातलीही मीच. म्हणजे दोष कोट्यात नव्हता, परदेशात नव्हता, माझ्या गुणांतही नव्हता. मी कोणत्याही दाराने आले असते तरी त्यांनी मला खिडकीकडेच पाठवले असते. आणि मी ते सोपे केले होते. हक्काने मिळणारी जागा मी स्वतःच्या हाताने सोडली होती, पेढा देताना बोललेल्या एका वाक्यावरून.

मी स्टँडजवळून निघाले. खाटेच्या पायगतीला वळसा घालून पलीकडे गेले. घोळक्यातली दोन मुले आपसूक बाजूला झाली.

"सर, मी प्रवर्गातूनच अर्ज करणार आहे. तो लाडू नाही, हक्क आहे. आणि तपासणी उजव्या बाजूने करतात, असं तुम्हीच शिकवता. मला तपासायचं आहे."

कोणी हसले नाही. सरांच्या मानेची शीर उडताना दिसली.

"तुझ्या इंटर्नशिपच्या कागदावर सही माझी लागते. लक्षात आहे ना?"

"लक्षात आहे, सर."

म्हातारीला यातले काय कळले, मला माहीत नाही. तिने पदर बाजूला केला. "ये व माय. आठे उभी राय." मी तळहात चोळून गरम केले. तिच्या पोटावर उजवा हात ठेवला. मग यकृत चाचपू लागले. 

संध्याकाळी नानांना फोन केला. "नाना, मेळाव्यात तुमचा प्रश्न बरोबर होता. आणि बसमध्ये मी सांगितलेलं कारण खोटं होतं." मग खरे कारण सांगितले. पेढ्याच्या वेळी मला त्यांची लाज वाटली होती, तेही सांगितले.

 नाना म्हणाले, "तो पेढा मी खाल्ला नव्हता. खिशात ठेवला होता. बसस्टँडवर टाकला." मग म्हणाले, "पण बोलायला पाहिजे होतं."

सरांची सही अजून झालेली नाही. कदाचित सहज होईल, कदाचित ते लांबवतील. लांबवली तर मी लेखी कारण मागेन. कारण मागायला मला घरातच शिकवले आहे. अर्ज मी प्रवर्गातूनच भरणार आहे, जागा मिळाली तर मान वर करून घेणार आहे, आणि नाही मिळाली तर पुन्हा परीक्षेला बसणार आहे. कोणी 'कोट्यातली' म्हटले तर 'हो' म्हणणार आहे. हसणार नाही. रोज राऊंडला मी रुग्णाच्या उजव्या बाजूला उभी राहते आणि उभी राहीन.

आता प्रश्नाचे उत्तर. परदेशी जावे की नाही, याला माझे उत्तर असे: जायचे कारण आधी मोठ्याने उच्चारून पाहावे. ते कारण लाज असेल, तर जाऊ नये. लाज पासपोर्टशिवाय सोबत येते. कारण दुसरे काही असेल, तर नानांचा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये. तिथले रुग्ण कोणत्या भाषेत बोलतात? परतल्यावर कोणती परीक्षा, कोठे इंटर्नशिप? राज्याच्या आणि देशपातळीच्या पदव्युत्तर जागांवर परदेशी पदवीधराचा हक्क किती? हे नियम बदलत असतात. मी सांगते ते आज बरोबर असेल, उद्या नसेल.

म्हणून वाचणाऱ्यांना एवढीच विनंती: एजंटाचे ऐकू नका, आणि माझेही नुसते ऐकू नका. नियम स्वतः काढा, स्वतः वाचा आणि तपासा.