पंख्यांच्या उधारीवर काश्मीर

कलकत्त्यात भवानीपूरला आमचं विजेच्या सामानाचं छोटं दुकान होतं. सासऱ्यांनी काढलेलं, त्यांच्यामागे हे आणि मी मिळून चालवायचो. सत्तरच्या दशकातल्या एका मार्चमध्ये पंख्यांच्या कंपनीचा बंगाली विक्रेता नवी योजना घेऊन आला. माल उधारीवर उचलायचा, प्रत्येक पंख्यामागे गुण मिळवायचे आणि दुर्गापूजेपर्यंत उधारी फेडली की त्या गुणांवर दोघांना काश्मीरची सहल.

"बौदी, दादांना घेऊन जरा फिरून या," तो मला हिंदीत म्हणाला. बौदी म्हणजे वहिनी.

लग्नानंतर आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नव्हतो. माझा चेहरा खुलला असावा, कारण यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सही करून टाकली.

खोकी दुकानात मावेनात, म्हणून घरी आली. पलंगाखाली, देवघराशेजारी, खिडकीपर्यंत रचलेली. आणि त्याच उन्हाळ्यात वीज तासन् तास जाऊ लागली. गिऱ्हाईक पंख्याकडे बघून विचारायचं, "वीजच नाही, तर हा फिरणार कसा?"

मग हे लोकलने बजबजला, ज्यूट गिरण्यांच्या वस्तीत पंखे विकायला जाऊ लागले. मी दुपारी डमडमला, बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबांकडे. हळदीकुंकवाला प्रेमाने बोलावणाऱ्या बायका पंख्याचा विषय निघाला की चहा पुढे करून गप्प बसायच्या. एकीने भिडेखातर घेतला, पण नंतर रस्त्यात भेटली की घाईत असायची. परतताना बसमध्ये दांडी धरून उभ्या उभ्याच माझा डोळा लागे.

"माल परत देऊन टाकू या का?" एकदा मी विचारलं.

"घेणार नाहीत ते. आणि तुला काश्मीर बघायचंय ना?"

"मला नुसतं बसायचंय हो कुठेतरी."

ते बूट काढता काढता तसेच भिंतीला टेकले.

पूजेच्या तोंडावर गिरण्यांचा बोनस झाला आणि उरलेले पंखे खरेदीच्या भावात कसेबसे गेले. उधारी फिटली, फायदा काही नाही. तिकिटं मात्र आली.

हाउसबोटीवर पोचल्यावर हे जेवून आडवे झाले ते संध्याकाळीच उठले. दुसऱ्या दिवशीही तेच. शिकारावाला नावाडी दोनदा हाक मारून गेला. मला आधी राग आला. एवढी पायपीट करून मिळवलेलं काश्मीर, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपलाय! पण जवळ जाऊन बघितलं, तर त्यांच्या कपाळावरची ती नेहमीची आठी गेली होती. कितीतरी महिन्यांनी. मी शाल पांघरून त्यांच्या शेजारी पडले आणि मलाही झोप लागली.

शेवटच्या संध्याकाळी शिकाऱ्यात बसलो. पाण्यावरून गार वारा येत होता. स्वेटरची बटणं लावत हे म्हणाले, "इथे कुणी पंखा घेणार नाही."

मी हसले. मग तेही हसले. कलकत्त्याला परतल्यावर विक्रेता पुढच्या वर्षीची योजना घेऊन आला, तेव्हा मी त्याला चहा दिला, आणि यांनी नको म्हणून सांगितलं.