बोरदऱ्याचं मागचं दार

धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातल्या जळीत वॉर्डात नर्स म्हणून सुगंधाबाईंची सगळी नोकरी झाली. इतर सिस्टर वर्ष-दोन वर्षांत बदली मागून घ्यायच्या. त्या वॉर्डाचा वास घरी गेल्यावरही नाकातून जात नाही, असं म्हणायच्या. सुगंधाबाईंनी बदली मागितली नाही. कोणीतरी करायला हवं, तर आपण करू, एवढाच त्यांचा हिशेब होता.

पेशंटच्या नातेवाइकांना त्या एक प्रश्न हमखास विचारायच्या. आग कशी लागली, हे सगळेच सांगत. त्या विचारायच्या, "बाहेर का निघता आलं नाही?" आणि उत्तरं फिरून फिरून तीच यायची. दार एकच होतं आणि आग दाराकडेच होती. खिडकी होती, पण तिला गज होते.

शिरपूरकडच्या एका माणसाच्या दोन्ही तळहातांना त्यांनी कितीतरी दिवस पट्ट्या बांधल्या. घर पेटलं तेव्हा हा बाहेर होता, बायको आत. खिडकीचे तापलेले गज धरून तो ओढत राहिला होता. हात दुखतात असं तो एकदाही म्हणाला नाही. पट्टी सोडताना तेवढं पुटपुटायचा, "गज निघनात नही, सिस्टर." सुगंधाबाई त्याच्यासमोर रडल्या नाहीत. मात्र त्या माणसाला दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी त्यांनी मनाशी काहीतरी ठरवून टाकलं. ते कसं करायचं, कधी करायचं, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हतं.

निवृत्त झाल्यावर त्या अमळनेर तालुक्यातल्या आपल्या गावी, बोरदऱ्याला राहायला आल्या. कोणाचा बीपी बघ, कोणाच्या पोराला ताप आहे ते बघ, असं करता करता त्या गावाच्या अक्का झाल्या. पुढं सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं आणि गावानं त्यांनाच उभं केलं. निवडून आल्या त्याच वर्षी बोरदऱ्याला घरकुलं मंजूर झाली. गावाच्या उगवतीला मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेघा पडल्या. सुगंधाबाई बघायला गेल्या. पुढे एक खोली, मागे एक खोली, पुढे एक दार. मागच्या खोलीला खिडकी, आणि तिला भिंतीत पक्के बसवलेले गज.

आणि पुढच्या खोलीत काय असणार, ते त्यांना न सांगता कळलं. कापूस. खान्देशात वेचणी झाली की भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच राहतो. पुढच्या खोलीत छतापर्यंत पांढरा ढीग, त्यातून जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट, आणि त्या ढिगाला टेकून माणसं जेवतात, झोपतात, देवापुढे दिवा लावतात.

त्यांनी आधी घरोघर जाऊन समजावलं. मागे एक दार ठेवा, खिडकीची जाळी उघडणारी बसवा. लोकांनी चहा पाजला, "हो अक्का" म्हटलं आणि बांधकाम होतं तसं चालू ठेवलं. कोणी म्हणालं, मागच्या दारानं चोर येतात. कोणी म्हणालं, साप येतात. एकानं तर वास्तुशास्त्र काढलं. सुगंधाबाईंनी महिनाभर हे सोसलं आणि मग पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत सरळ ठराव मांडला. गावात यापुढे जे नवं घर होईल, मग ते घरकुल असो की बंगला, त्याला बाहेर पडायच्या दोन वाटा हव्यात. मागच्या खोलीच्या खिडकीची जाळी आतून, कुलपाशिवाय उघडणारी हवी. वायरिंगमध्ये कुठं करंट उतरला की आपोआप पडणारा स्विच हवा. हे नसेल तर ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला मिळणार नाही.

सभेत एकच गलका झाला. प्रेमराज आबा उठले तसा तो थांबला. आबा म्हणजे गावातले सगळ्यात मोठे कापूसवाले, पूर्वी दोनदा सरपंच राहिलेले. त्यांच्या स्वतःच्या नव्या बंगल्याचा पायाही नुकताच भरला होता.

"सुगंधा, तू चांगली बाई शे," आबा म्हणाले. "पन रस्ता कर, गटार कर. मना घरले किती दरवाजा ठेवाना, ते मी ठरावसू. आज दार सांगस, उद्या म्हनशीन चूल कोनता तोंडले मांडानी!"

सभा हसली. सुगंधाबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "आबा, मीटर लावल्याशिवाय वीज मिळत नाही. तेव्हा तुम्ही म्हणता का, घर माझं आहे?"

"ती गोष्ट अलग शे."

"कशी अलग? बरं, घर तुमचं, मान्य. पण त्या घरात तुमची नात झोपणार. दारं किती ठेवायची ते तिला कोणी विचारलं? सुनेला विचारलं? घरात राहणारे सगळे घर बांधत नाहीत, आबा. बांधणारा एक असतो आणि अडकतात बाकीचे. मी तीच माणसं बघितलीत आयुष्यभर."

आबा काही बोलणार तेवढ्यात मागून कौतिक उठला. दोन बिघ्यांचा धनी, बाकी दिवस दुसऱ्याच्या शेतात मजुरी. त्याचं घरकुल अर्धं उभं होतं. "अक्का, आबांचं सोडा," तो म्हणाला. "आबांना दहा दारं परवडतील. मला सांगा, माझ्यावर सक्ती करताय, तर दार कोण देणार?"

हा प्रश्न खरा होता. सुगंधाबाईंनी ग्रामसेवकाकडे वळून विचारलं, "जितेंद्र भाऊ, गावाच्या निधीतून घरकुलांना पत्र्याची दारं देता येतील?" जितेंद्र चाचरत म्हणाला, "ग्रामसभेनं ठरवलं तर बसवता येईल कुठंतरी." "मग ठरवू या," सुगंधाबाई म्हणाल्या. "गावानं सक्ती करायची तर भारही गावानंच उचलायचा."

हात वर झाले. बायकांच्या बाजूनं जवळपास सगळे, पुरुषांच्या बाजूनं तुरळक. आबांचा हात मांडीवरच राहिला. ठराव जेमतेम पास झाला.

पास झाला म्हणून गोड झाला असं नाही. पारावर त्यांना 'दारवाली सिस्टर' असं नाव पडलं. आबांनी बंगल्याला मागचं दार ठेवलं खरं, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवून म्हणायचे, "हाई सरकारनं दार." सुगंधाबाई ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. घरकुलं पूर्ण झाली, माणसं राहायला गेली, तरी त्यांची फेरी थांबली नाही. मधूनमधून त्या त्या गल्लीत जायच्या आणि प्रत्येक घराचं मागचं दार स्वतः उघडून बघायच्या.

कौतिकच्या घरी एकदा ते उघडेचना. बाहेरून सरपणाची मोळी आणि खताची रिकामी पोती लावून ठेवलेली. "अक्का, लागलं तर काढू ना," कौतिक म्हणाला. सुगंधाबाई भडकल्या. "आगीला सांगशील का, थांब, पोती हलवतो म्हणून? काढ आत्ता. मी इथंच उभी आहे." तो मनातल्या मनात चरफडत मोळी उचलू लागला. त्याची बायको मेघा तेव्हा बाळंत होऊन थोडेच दिवस झाले होते. ती दारात उभी राहून बघत होती. सुगंधाबाईंनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, पुढे धूर दिसला तर पुढे जायचं नाही. मधलं दार ओढून घ्यायचं आणि मागून निघायचं. वस्तू उचलत बसायचं नाही." मेघानं मान हलवली.

संक्रांत होऊन गेली होती. कौतिकच्या पुढच्या खोलीत कापूस छताला टेकला होता. एका सकाळी त्याच्या आईनं, झुंबरबाईनं, देवाला अगरबत्ती लावली आणि ती मागच्या खोलीत जरा आडवी झाली. कौतिक शेतात होता. मेघा बाळाला अंघोळ घालून धुरी देत होती. त्यामुळे धुराचा वास आला तेव्हा आधी तिला काही वाटलंच नाही. मग मधल्या दाराच्या फटीतून काळा, जाड धूर आत सरपटत येताना दिसला. तिनं दार जरासं लोटलं आणि तोंडावर भपकाच आला. पांढरा ढीग आतून लाल झाला होता. पुढचं दार त्याच्या पलीकडे होतं, दिसतही नव्हतं.

मेघानं मधलं दार ओढून कडी घातली. बाळाला टॉवेलसकट उचललं. "आत्याबाई, उठा!" म्हणून सासूला हलवलं. झुंबरबाई उठली ती पेटीकडे वळली, पेटीत तिची सोन्याची पोत होती. मेघानं तिचा दंड धरून तिला खेचलं, मागच्या दाराचा अडसर काढला आणि दार ढकललं. दार एका धक्क्यात उघडलं. तिघं उन्हात आली आणि खोकत, धुरापासून लांब, मागेच जमिनीवर बसली.

पुढच्या बाजूला तोवर गल्ली गोळा झाली होती. पत्र्याखालून ज्वाळा निघत होत्या. कौतिक शेतातून धावत आला, दाराशी आग बघितली आणि सरळ तिच्यावरच झेपावला. चौघांनी त्याला कमरेला धरलं. "सोडा मले! मनी मेघा मझार शे! मनं पोर मझार शे!" बायको-पोर आत आहेत म्हणून तो ओरडत होता, ते ऐकून बायका रडायला लागल्या. सुगंधाबाई पळत आल्या, पदर सुटलेला, धाप लागलेली. त्या पुढे थांबल्याच नाहीत. वळसा घालून मागे गेल्या.

आणि मागून झुंबरबाईचा आवाज आला, गावाला ऐकू जाईल असा. "कौतिक, रडू नको रे! आम्ही आठे शेतस! बठ्ठा आठे शेतस!"

मेघा बाळाला छातीशी धरून कोपऱ्यावरून पुढे आली. कौतिकला धरणाऱ्यांचे हात आपोआप सुटले. तो धावला नाही, तिथंच खाली बसला आणि बाळाच्या पायांना कपाळ लावून हमसून हमसून रडला. बाळ टक्क डोळे उघडून आगीकडे बघत होतं. त्याच्या अंगाला साधा चटकासुद्धा नव्हता. अमळनेरहून बंब येईपर्यंत कापूस गेला, पत्रे गेले, पेटी गेली. माणसं सगळी राहिली. सुगंधाबाईंनी तिघांच्या छातीला कान लावून श्वास तपासला, हात-पाय बघितले. इतक्या वर्षांत जळलेल्या घरातून आलेल्या माणसाला पट्टी बांधावी लागली नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं. त्या उठल्या आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं हसल्या. हसताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

कौतिकचं घर गावानं वर्गणी आणि श्रमदानातून पुन्हा उभं केलं. पुढची ग्रामसभा एक मेला भरली. चावडीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारांचा विषय निघाला आणि प्रेमराज आबा उठले. आता हा म्हातारा काय काढतो, म्हणून सगळ्यांनी माना वळवल्या.

"तो ठरावमा एक चूक शे," आबा म्हणाले.

सुगंधाबाई सावरून बसल्या. "कोणती, आबा?"

"नवा घरंच काबरं? जुना घरंमा मानसं ऱ्हातस नही का?" आबांनी सभेवरून नजर फिरवली. "मना बंगला व्हयी तव्हय व्हयी. आज मनी नात जुना घरमाच झोपस. लिही, जितेंद्र. जुना घरलेबी दुसरी वाट. पहिली भिंत मनी फोडा."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की बाहेर झाडाखालची जनावरं बुजली. या वेळी हात मोजायची गरज पडली नाही.

बातमी पंचक्रोशीत गेली, तिथून जिल्ह्याला. जळगावला सरपंचांचा मेळावा होता, त्यात सुगंधाबाईंना बोलायला बोलावलं. त्या मेघाला आणि बाळाला घेऊन गेल्या. त्यांचं बोलणं झाल्यावर बोदवडकडचे एक सरपंच उठले, शिकलेले, मुद्देसूद बोलणारे. "ताई, तुमच्या कामाचं कौतुक आहे. पण घरात काय बसवायचं याची सरकारनं सक्ती करावी, हे मला पटत नाही. लोकांना समजावून सांगा. पटलं की ते आपणहून करतील."

प्रश्न वावगा नव्हता. सभागृहात बऱ्याच माना डोलल्या. सुगंधाबाई उत्तर द्यायला उठणार, तोच शेजारी बसलेल्या मेघानं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि ती स्वतः माइकपुढे गेली. आयुष्यात ती पहिल्यांदाच माइकपुढे उभी होती. आवाज आधी चिरकला, मग लागला.

"साहेब, अक्कांनी आम्हाला समजावलं होतं. चांगलं महिनाभर समजावलं. आम्हाला पटलंही होतं. पण आम्ही दार केलं नाही. कापसाला जागा हवी होती, आज नको उद्या करू, असं चाललं होतं. दार झालं ते सक्ती झाली म्हणून झालं, आणि गावानं ते दिलं म्हणून झालं." तिनं मागे वळून बाळाकडे बोट केलं. "त्याला तर कोणी काहीच समजावलं नव्हतं."

बोदवडकडचे ते सरपंच हसले, हात जोडले आणि म्हणाले, "ताई, तुमच्या ठरावाची नक्कल मला द्या." त्यांच्या मागे दुसरा उठला, मग तिसरा. थोड्याच वेळात सुगंधाबाईंच्या टेबलाभोवती सरपंचांचा गराडा पडला.

परतीच्या गाडीत मेघा खिडकीशी बसली. अमळनेर येईपर्यंत एकच विचारत होती, "अक्का, मी बरोबर बोलले ना?" सुगंधाबाई दर वेळी म्हणायच्या, "माझ्यापेक्षा बरं बोललीस."

बोरदऱ्याच्या फाट्यावर एसटी थांबली तेव्हा डफ वाजायला लागलेच होते. जितेंद्रनं फोन करून सगळं गावात कळवलं होतं. कौतिक गुलालाची परात घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा होता. बायकांनी सुगंधाबाईंना घेरलं, "अक्का, आज नाचनंच पडी!" त्या नको नको म्हणाल्या. गुडघे दुखतात, सरपंच बाई नाचते का, लोक काय म्हणतील. झुंबरबाईनं त्यांचा हात धरून त्यांना मधे ओढलं. डफाची लय वाढली. सुगंधाबाईंनी इकडे-तिकडे बघितलं, पदर कमरेला खोचला, आणि मग त्या अशा काही नाचल्या की डफवाले दमले, पण त्या थांबल्या नाहीत.