मोकळ्या जागेभोवती

दर्ग्याच्या ग्रंथालयात मौलवीसाहेबांनी एका जुन्या अरबी हस्तलिखिताचं पान उघडलं. मधला मजकूर कसरीने पार खाल्ला होता. समासात मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्वानांनी लिहिलेली भाष्यं शाबूत होती, तिरक्या ओळींत, त्या भोकाभोवती फेर धरून.

"मूळ ग्रंथ गेला, सर. पण तो काय म्हणत होता, ते यांच्यावरून कळतं," ते हळूच म्हणाले.

मी आयुष्यभर गुरुत्वाकर्षण शिकवलं. न दिसणारा तारा आम्हीही असाच ओळखतो, भोवती फिरणाऱ्यांवरून.

घरी आलो. आई जाऊन वर्ष झालं. बैठकीतली तिची खाटही तेव्हाच काढली. माझ्यासाठी पाणी आणताना बायकोने त्या मोकळ्या फरशीला वळसा घातला. आत जाताना मीही घातला.