पदराखालचे हात

परवा दाराला रंग देणाऱ्याने जवसाच्या तेलाचा डबा उघडला आणि त्या वासाने मी थेट अमडापूरच्या आमच्या विहारात पोचले. महाराष्ट्र नुकताच झाला होता, आणि विहार म्हणजे एक कुडाची खोली. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या वामनदादाने पत्र्यावर बुद्ध रंगवून भिंतीला टेकवला होता. रंग अजून ओला होता. चेहरा शांत, चीवर पिवळं. पण बोटं जाड, कापसाच्या बोंडांनी चिरलेली.

"बुद्धाचे हात असे काऊन काढले बे?" माझ्या आजोबांनी विचारलं.

वामनदादा चिंधीला ब्रश पुसत राहिला. "चेहरा कॅलेंडरवरून घेतला, बाबा. त्यात हात दिसत नव्हते. मंग मले ज्या हातानं घास भरवला, तेच काढले."

कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्याच्या मायने झटकन हात पदराखाली घेतले. मी फिस्सकन हसले होते, ते आज बोचतं. आजोबांनी वंदना सुरू केली, आणि हात जोडायला तिला ते बाहेर काढावेच लागले.