मुग्धाची चप्पल

आमच्या मोबाइल गेम बनवणाऱ्या छोट्या कंपनीत परवा आम्ही सगळे नव्या खेळाची कल्पना शोधायला बसलो होतो. मी आठवडाभर खपून वहीत नऊ कल्पना लिहून आणल्या होत्या. किल्ले, चेटकिणी, अंतराळ. एकेक वाचली की सगळे नुसती मान डोलवायचे.

मग नुकतीच नोकरीला लागलेली मुग्धा चहा पिता पिता म्हणाली, "देवळाबाहेर एक चप्पल आहे. तिची जोडीदार कुणीतरी चुकून घालून गेलंय. ती तिला गावभर शोधत फिरते."

सगळे एकदम बोलायला लागले. "कुत्रा तिला पळवतो!" "ती गटारातून वाहत जाते!" कुणीतरी फळ्यावर चप्पल काढली आणि तिला डोळेही काढले.

मीही हसलो, पण आतून जळत होतो. फार मोठं कुणी पुढे गेलं तर एवढं लागत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला आपल्याच वाटेवरचं काही सापडलं, की लागतं. देवळातून एका पायात चप्पल घालून मीही एकदा घरी आलो होतो. तेव्हा मला राग आला होता, एवढंच.

तेवढ्यात मला सुचलं, जोडीदार सापडते, पण तोवर तिची दुसरीशी जोडी जमलेली असते. खेळाला शेवट मिळाला होता. मी वही मिटून घेतली.

"दादा, तुम्हाला नाही आवडली?" मुग्धानं विचारलं.

"आवडली," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं.

शेवट मी तिला अजून सांगितलेला नाही.